थंडीतली राइड संपल्यावर अंगात ऊब कशी आणावी

थंडीत सायकल चालवत असताना गारठा तितकासा बाधत नाही. बाधतो तो खाली उतरल्यावर. स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो, बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे १५० वॅटने पायडल मारणारा माणूस त्याच वेळी साधारण ५०० वॅटचा हीटर झालेला असतो. तोच माणूस सायकल भिंतीला टेकवून उभा राहिला की काही मिनिटांत हा आकडा शंभराच्या आसपास येतो. भट्टी विझते, अंगावरचे घामट कपडे मात्र तसेच असतात. त्यात किल्ली शोधणं, किती किलोमीटर झाले ते बघणं, सोबत्याशी दारातच दोन शब्द बोलणं यात दहा मिनिटं कुठे जातात कळत नाही. संध्याकाळपर्यंत हटत नाही ती थंडी बहुतेक वेळा या दहा मिनिटांत अंगात भरलेली असते.

ओल्या कपड्यांचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. जर्सी आणि आतला बेस लेअर यांनी मिळून १०० मिलिलिटर घाम धरून ठेवला असेल, तर तो वाळायला २४० किलोज्यूल हवेत. ७० किलो वजनाच्या माणसाचं अख्खं शरीर एका अंशाने थंड व्हायला साधारण तेवढीच उष्णता जावी लागते. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, काही आसपासच्या हवेतूनही येते. तरी ‘अंगावरच वाळेल की’ म्हणून बसून राहणं किती महाग पडतं ते यातून दिसतं. कपडे अंगावर वाळू द्यायचे नाहीत, उतरवायचे.

तयारी निघण्याआधीच

परत येताना बोटं कामातून गेलेली असणार, हे गृहीत धरूनच घर सोडायचं. कोरडे कपडे घालण्याच्या क्रमाने एकावर एक रचून ठेवा. सगळ्यात वर टॉवेल, त्याखाली बनियन, मग डोक्यातून घालायचं सैल उबदार जॅकेट किंवा स्वेटर, कानटोपी, इलॅस्टिकची पँट, जाड पायमोजे. बारीक बटणं, नाडी, हुक असलं काही नको. बधिर बोटांनी शर्टाचं एक बटण लावायला दोन मिनिटं जातात आणि तेवढा वेळ छाती उघडी राहते. घराची किल्ली मोठ्या कडीत किंवा दोरीच्या फासात अडकवा आणि ग्लोव्हज न काढता हात जाईल अशा खिशात ठेवा. थर्मासमध्ये गरम पेय भरून ठेवणार असाल तर झाकण तळव्याने फिरवून उघडेल इतपतच आवळा.

राइड गाडीपाशी संपणार असेल तर हीच थप्पी पिशवीत भरून डिकीत ठेवा. तिच्याबरोबर दोन गोष्टी हव्यातच: उभं राहायला फोमची जाड चटई, आणि ओले कपडे कोंबायला प्लास्टिकची पिशवी. चटई बहुतेक जण विसरतात. मग गार जमिनीवर अनवाणी उभं राहून कपडे बदलताना तळव्यांतून जी थंडी चढते, ती गाडीच्या हीटरने तासभर उतरत नाही.

शेवटची पाच मिनिटं

राइड संपवताना हळूहळू वेग उतरवण्याचा नियम थंडीतही लागू आहे. जोरात येऊन एकदम थांबलात तर पायांतलं रक्त वर ढकलणारा स्नायूंचा पंप बंद पडतो आणि गरगरतं. मात्र उन्हाळ्यात पंधरा मिनिटं रमतगमत येणं चालतं, तसं इथे चालत नाही. हलका गिअर टाका, पाय फिरते ठेवा, पाच मिनिटं पुरेत. उरलेलं शरीर शांत करण्याचं काम घरात चार फेऱ्या मारून होतं.

घात होतो तो शेवटच्या चढावर. अंग तापतं, जर्सीची चेन छातीपर्यंत खाली येते, आणि माथ्यावर पोहोचल्यावर ती तशीच राहते. पुढच्या उतारावर पाय थांबलेले, कपडे ओले आणि समोरून वारा. हवा ५ अंशांची असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या त्वचेला ती साधारण शून्य अंशांइतकी बोचते. चेन माथ्यावर, उतार लागायच्या आधी ओढून घ्यायची. उतारावरही हलकं पायडल मारत राहायचं. थंडीने अंग थरथरून हँडल हलायला लागलं तर दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवा, सायकल स्थिरावते. तरीही ब्रेक नीट दाबता येत नसेल तर थांबा, उतरा आणि सायकल हातात धरून चाला. चालण्याने उष्णताही तयार होते.

कुडकुडतच घराकडे येत असाल तर शेवटचा हलका टप्पा गाळा. अशा वेळी मध्यम जोर लावत दारापर्यंत यावं आणि सरळ आत शिरावं.

दारातून आत आल्यावर

पहिली अडचण हेल्मेटच्या बक्कलची. ते दाबायला चिमटीत जोर लागतो आणि गारठलेल्या हातांत नेमका तोच नसतो. झटापट करू नका. ग्लोव्हज काढा, हात जर्सीच्या आत घालून उजवा तळवा डाव्या काखेत आणि डावा उजव्या काखेत दाबून धरा. दीड-दोन मिनिटांत चिमूट परत येते. ग्लोव्हज काढण्याचीही रीत आहे. मनगटाकडून खसकन ओढले तर ओलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं आणि मग ते परत बसवताना जीव मेटाकुटीला येतो. आधी एकेका बोटाचं टोक दातांनी थोडं थोडं ओढून सैल करा, मग सगळा हातमोजा एकदम काढा.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी वरचं अंग: ओली जर्सी आणि बेस लेअर काढा, टॉवेलने पाठ, छाती आणि काखा पुसा, लगेच कोरडं बनियन आणि स्वेटर घाला. मग डोकं: केस खसाखसा पुसा, कानटोपी चढवा. त्यानंतर कमरेखालचं, आणि पाय शेवटी. सगळे कपडे एकदम उतरवून उघडं उभं राहण्यात अर्थ नाही. एक भाग कोरडा करून झाकायचा, मग दुसऱ्याला हात लावायचा. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

पॅडवाली शॉर्ट काढायचा कंटाळा येतो, कारण तिच्यावर पँट चढवली की कोरडं वाटतं. ते फसवं आहे. पॅडचा फोम सगळ्यात जास्त पाणी धरतो, आणि त्या ओलीत तासभर बसलं की थंडीबरोबर घासलेल्या जागी पुरळ आणि गळवंही येतात.

कोरडे कपडे चढल्यावर चादर किंवा ब्लँकेट पांघरून बसा. गरम पाण्याची पिशवी असेल तर ती कापडात गुंडाळून छातीशी किंवा काखेत धरा. हातपाय गार असताना पोटाछातीला ऊब कशाला, असा प्रश्न पडतो. गाभा थंड पडतोय असं कळलं की शरीर हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्या उघडायच्या तर आधी गाभा उबदार व्हावा लागतो. धड गरम झालं की पाच-दहा मिनिटांत बोटं आपोआप सैल पडतात.

आत आल्यावरच हुडहुडी का भरते

रस्त्यावर ठीक असलेला माणूस घरात आल्यावर कुडकुडायला लागतो आणि घाबरतो. यात नवल नाही. बाहेरून थंडी थांबली तरी हातापायांतलं गार रक्त आणि गार झालेले थर आतली उष्णता ओढत राहतात, त्यामुळे आतलं तापमान आणखी दहा ते तीस मिनिटं थोडं थोडं उतरू शकतं. हुडहुडी म्हणजे त्यावरचा शरीराचा उपाय. जोरात कुडकुडणारं अंग विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता बनवू शकतं. ती दाबायचा प्रयत्न करू नका, पांघरूण वाढवा आणि काहीतरी गोड खा. या कामाला साखर जळण म्हणून लागते.

आंघोळ कधी आणि कशी

सायकलवरून उतरून थेट कढत पाण्याखाली उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा. कढत पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकाएकी उघडतात, रक्त तिकडे धावतं, रक्तदाब पडतो. दमलेलं, पाणी कमी झालेलं शरीर अशा वेळी बाथरूममध्येच भोवळ येऊन पडू शकतं. दुसरं म्हणजे बधिर त्वचेला चटका कळत नाही. हाताला ‘कोमट’ वाटलेलं पाणी प्रत्यक्षात भाजणारं असू शकतं.

अंगात थोडी धुगधुगी आली, कुडकुडणं थांबलं, की ३७ ते ३९ अंशांच्या पाण्याने सुरुवात करा. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. ते गरम वाटावं, झोंबू नये. पाण्याची ऊब वाढवायची ती दोन-तीन मिनिटांनी, थोडी थोडी. दहा मिनिटांत आटपा आणि दाराला आतून कडी लावू नका. पाय लटपटत असतील, तोल जात असेल, तर आंघोळ त्या दिवशी विसरा.

थंडीत काकडून आल्यावर ‘रिकव्हरी’ म्हणून बर्फाच्या पाण्यात बसणारेही आहेत. तेवढा गारठा त्यांना आत्ताच फुकट मिळालेला असतो.

हातापायांचा ठणका

गारठलेल्या बोटांत रक्त परत येताना जे होतं ते माहीत नसलेल्याला रडवतं. आधी मुंग्या येतात, मग नखांच्या मुळाशी ठणका सुरू होतो, तो वाढत जातो, कधी कधी पोटात मळमळतं. पाच-दहा मिनिटांत बोटं लालबुंद आणि गरम होतात आणि दुखणं ओसरतं. ठणक्यावर औषध नाही, तो लवकर सरावा एवढंच करता येतं. हात खांद्यापासून मोठ्या वर्तुळात वीस-तीस वेळा गरागरा फिरवा, रक्त बोटांच्या टोकांकडे फेकलं जातं. पायांसाठी टाचा उचलून खाली टेकण्याचा व्यायाम करा. हीटरला हात चिकटवू नका, शेकोटीवर धरू नका. कारण तेच: चटका कळत नाही.

घाईने शेकण्याचा आणखी एक तोटा काही तासांनी दिसतो. बोटांवर, विशेषतः पायाच्या बोटांवर, लालजांभळे, सुजलेले, खाजणारे डाग उठतात. यांना चिलब्लेन म्हणतात. दमट थंडीत वारंवार गारठून मग एकदम गरम होणाऱ्यांना ते होतात. एक-दोन आठवड्यांत जातात, पण खाजवून फोडले तर चिघळतात. बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि मग लाल, असे रंग दर वेळी ठळक सीमेसकट दिसत असतील तर तो रेनॉड, म्हणजे थंडीत बोटांतल्या रक्तवाहिन्या जास्तच आवळण्याचा विकार असू शकतो. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

त्वचा पांढरी किंवा करडी, मेणासारखी, टणक झाली असेल आणि स्पर्श कळत नसेल, तर हिमदंशाचा संशय घ्या. हे हवा शून्याखाली असेल तेव्हाच होतं. वारा उष्णता वेगाने पळवतो, पण शून्यावरच्या हवेत त्वचा गोठत नाही. अशी जागा चोळायची नाही, बर्फाने तर मुळीच नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ती मऊ आणि लालसर होईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवा. पाणी निवेल तसं गरम पाणी घालत राहा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून बाहेर जायचं असेल, तर वितळवूच नका. फोड आले किंवा संवेदना परतली नाही तर थेट रुग्णालय.

सगळा बधिरपणा थंडीचा नसतो. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असेल, तर तळव्याच्या कडेची नस हँडलवर दबली आहे. त्यावर ग्लोव्हज जाड करून उपयोग नाही, हातांची जागा बदलत राहायला हवी. पायांचंही तसंच. एका बुटात दोन जाड पायमोजे कोंबले की बोटं हलत नाहीत, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात.

पिणं आणि खाणं

गरम पेयाने अंग गरम होतं या समजुतीत गफलत आहे. ६० अंशांचं २५० मिलिलिटर पेय शरीरात जाऊन ३७ अंशांवर येताना जेमतेम ६ किलोकॅलरी उष्णता देतं. ७० किलोंचं शरीर एक अंशाने तापवायला जवळपास ५८ लागतात. म्हणजे एका मगने अंशाचा दहावा हिस्सा. त्यात दोन चमचे साखर घातली तर तिच्या ४० किलोकॅलरी मात्र कुडकुडणाऱ्या स्नायूंना जळण म्हणून मिळतात. गरम मग हातात धरायचा, वाफ तोंडावर घ्यायची, त्याने बरं वाटतं आणि तेही हवंच. पण काम करते ती साखर.

पाण्याकडे थंडीत हमखास दुर्लक्ष होतं. त्वचेतल्या वाहिन्या आवळल्याने रक्त आतल्या बाजूला जमतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं आणि ते लघवीवाटे बाहेर काढलं जातं. गारठलं की सारखी लघवीला लागते ती यामुळे. शिवाय तहान कमी लागते आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा जातो. राइडच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कोरड्या अंगाने वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर प्या, सावकाश आणि सोबत काहीतरी खारट.

तासाभराच्या राइडनंतर नेहमीचं जेवण पुरतं, वेगळं काही लागत नाही. राइड दोन-तीन तासांची झाली असेल आणि दुसऱ्या दिवशी परत निघायचं असेल, तर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं घ्या. ७० किलोंच्या माणसाला ७० ग्रॅम कर्बोदकं.

दारू नको. तिने त्वचेतल्या वाहिन्या उघडतात, चेहरा गरम वाटतो आणि आतली उष्णता बाहेर जात राहते.

खोकला, स्नायू, गुडघे

उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत कोरडा खोकला आणि छातीत घट्टपणा येणं नेहमीचं आहे. थंड कोरडी हवा वेगाने आत घेतल्याने श्वासनलिका आवळतात. तासाभरात हे निवळतं. उबदार खोलीत नाकाने सावकाश श्वास घ्या. पुढच्या वेळी तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) ओढा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या श्वासाचा ओलावा आणि ऊब आतल्या हवेला मिळते. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दर राइडला असंच होत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्यावी.

स्ट्रेचिंग अंग गरम झाल्यावरच करा, आंघोळीनंतर करणं सगळ्यात बरं. गार स्नायू ताणायला गेलं की ते आखडतात. गुडघ्याच्या वाटीभोवती दुसऱ्या दिवशी दुखत असेल तर गुडघे उघडे होते का आणि गिअर जड होता का, या दोन गोष्टी आधी तपासा.

हे दिसलं तर थांबू नका

बोलणं जड होणं, अडखळणं, साध्या गोष्टीत गोंधळणं, चिडचिड, आणि अंग गार असतानाच कुडकुडणं बंद होणं, ही हायपोथर्मियाची लक्षणं आहेत. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो सुरू होतो. तोंडात थर्मामीटर धरून खात्री करत बसू नका. गार हवेत तोंडाने श्वास घेऊन आलेल्याचा आकडा खोटा येतो, आणि काचेचे साधे थर्मामीटर मुळात ३५ पासूनच सुरू होतात. माणसाला आडवं करा, चालायला लावू नका, ओले कपडे कापून काढा, पांघरुणं गुंडाळा, गरम पिशव्या काखेत आणि छातीला लावा. हातपाय चोळायचे नाहीत, धसमुसळेपणाने हलवायचं नाही, कारण थंड हृदयाची लय धक्क्याने बिघडू शकते. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड पेय द्या. आणि हे सगळं रुग्णवाहिका बोलावून झाल्यावर.

सायकल आणि सामान

सायकल आधी पुसायची की स्वतःला, यात वाद नको. तुमचं सगळं झाल्यावर तिच्याकडे वळा. गार सायकल उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं, म्हणून अर्ध्या तासाने चेन पुसून तेल घाला. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर आधी साध्या पाण्याने धुवा. दिवे आणि ई-सायकलची बॅटरी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चार्जिंगला लावू नका. शून्याखालच्या लिथियम बॅटरीला चार्ज केलं की ती कायमची खराब होते.

बुटांतले इनसोल काढून बाहेर ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. पहिले बोळेच सगळ्यात जास्त पाणी पितात. हीटरवर बूट ठेवले तर तळव्याचा गोंद सुटतो. ग्लोव्हज मनगटाची बाजू खाली करून बाटलीच्या तोंडावर बसवले की आत हवा खेळते. टांगताना बोटं खाली ठेवली तर ओल टोकांत उतरते आणि सकाळी नेमकी तीच टोकं ओली हाताला लागतात.